शत्रूशी लढताना

निवृत्तीच्या आधीची माझी शेवटची पोस्टिंग उत्तरेला, बर्फातल्या एका कंपनी बेसवर होती. मी हवालदार होतो, काम रेडिओ ऑपरेटरचं. बेसच्या वर, सरहद्दीला लागून, आमची एक पोस्ट होती. मध्ये एक नाला. ताजा बर्फ पडला की वरचा उतार कधीही त्या नाल्यात कोसळायचा. त्यामुळे बर्फ पडल्यावर दोन-तीन दिवस नाला ओलांडायचा नाही, हे नव्या जवानाला आल्या दिवशी सांगितलं जायचं.

नाईक दीपक सावंत माझ्याच कंपनीत होता. तो परळचा, मी लालबागचा. इतक्या लांब आपल्याकडचा माणूस भेटला की वेगळाच आधार वाटतो. त्याचे वडील शांतारामकाका सरकारी कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झालेले. मी रजेवरून परत निघालो की ते माझ्याकडे कुळथाचं पीठ आणि सुकट द्यायचे. दीपक स्टोव्हवर पिठी करायचा. पंजाबी आणि गढवाली जवानसुद्धा वाटी घेऊन रांगेत उभे राहायचे.

प्रजासत्ताक दिन जवळ आला तेव्हा मुख्यालयातून निरोप आला. पोस्टवर मोठा झेंडा उभारायचा होता. त्याचं चित्रीकरण होणार, ते टीव्हीवर दाखवणार. झेंडा आणि लोखंडी खांबाचे सुटे भाग बेसवर येऊन पडले होते. पण दोन दिवस सतत बर्फ पडत होता. हिमस्खलनाचा इशाराही आला होता.

आमचे कंपनी कमांडर मेजर नायर मुख्यालयातल्या साहेबांशी रेडिओवर स्वतः बोलले. मी शेजारीच बसलो होतो.

"सर, नाला अनसेफ है. तीन दिन चाहिए."

"तीन दिन में छब्बीस तारीख निकल जाएगी, नायर."

"सर, पोस्ट पर झंडा ऑलरेडी है."

"छोटा है. कैमरे में नहीं आएगा." मग पलीकडून आलं, "लड़के देश के लिए इतना नहीं करेंगे?"

या प्रश्नाला फौजेत उत्तर नसतं.

"विलको, सर," म्हणजे हुकूम पाळतो, "माझं ऑब्जेक्शन नोंदवून घ्यावं," असं मेजरसाहेब इंग्रजीत म्हणाले.

"नोटेड. आउट."

पार्टी तिघांची ठरली. हवालदार बलबीर सिंग, नाईक दीपक सावंत, शिपाई टीकाराम. दीपक रेडिओ सेट घ्यायला माझ्याकडे आला.

"वर झेंडा आहे की रे," तो म्हणाला. "मीच बांधलाय. रोज सकाळी त्याला सलाम करतो आपण."

"तो दिसत नाही म्हणतात."

"आपल्याला दिसतो." त्याने सेट पाठीवर घेतला. "चल. हुकूम आहे."

उजाडायच्या आत ते निघाले. नाल्याच्या कडेवरून एक मेसेज आला, मध्यावरून दुसरा. त्यानंतर बाहेरून आवाज आला, मोठा ट्रक खडी ओततो तसा. मी कॉल देत राहिलो. उत्तर नाही.

मग हेडफोनमध्ये 'खट्' असं ऐकू आलं. हँडसेटचं बटण दाबलं की, माणूस बोलला नाही तरी, दुसऱ्या टोकाला तेवढा आवाज येतो. पुन्हा खट्. मी रेडिओचे नियम सोडून मराठीत विचारलं, "दीपक, ऐकू येत असेल तर दोनदा दाब."

दोनदा आलं.

रेस्क्यू पार्टी आधीच धावली होती. ती नाल्याच्या तोंडाशी पोचली आणि उताराचा उरलेला भाग सुटला. त्या पार्टीतले दोन जवान कसेबसे बाहेर ओढले गेले. मेजरसाहेबांनी सगळ्यांना मागे घेतलं. दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं. त्यांनी परत येऊन माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "अभी भी?" मी होकारार्थी मान हलवली. ते बाहेर जाऊन उभे राहिले.

मी दीपकशी बोलत राहिलो. पोरं येतायत, असं सांगत होतो. पोरं खरंच तयार उभी होती, फक्त त्यांना जाता येत नव्हतं. दोन खट् यायचे, मग बराच वेळ काही नाही, मग एकच. दुपारनंतर तेही थांबलं. मी अंधार पडेपर्यंत बोलत होतो. शेवटी मेजरसाहेबांनी माझ्या कानांवरचे हेडफोन काढले.

उतार शांत झाल्यावर तिघांचेही मृतदेह सापडले. झेंड्याचं चित्रीकरण दुसऱ्या, सोप्या पोस्टवर झालं.

पुढच्या रजेत मी परळला गेलो आणि काकांना सगळं सांगितलं. बटणाचंही सांगितलं. काका ऐकत राहिले. शेवटी मालवणीत एवढंच म्हणाले, "तू बोलत होतास मा त्याच्याशी? बरां केलंस."

या गोष्टीला काही वर्षं झाली. मी नायब सुभेदार म्हणून निवृत्त झालो. गेल्या वर्षी काकांच्या घराजवळच्या चौकाला दीपकचं नाव द्यायचं ठरलं. पुढाकार घेणारा नितीन चांगला मुलगा आहे. रक्तदान शिबिरं घेतो, म्हाताऱ्यांना हॉस्पिटलात नेतो. त्याने फलकाचं चित्र आधी काकांना दाखवलं. नावाखाली लिहिलं होतं : शत्रूशी लढताना वीरमरण.

"ह्यां खोटां कित्याक लिवलंस?" काकांनी विचारलं.

"काका, बर्फात गेले असं लिहिलं तर लोकांना काय वाटेल? दीपकदादाचा मोठेपणा कमी होईल."

"तो ड्युटीवर गेला. तेवढं लिही. त्यात कमी काय आहे?"

नितीन हो म्हणाला. फलक मात्र तसाच बनून आला.

समारंभाला मी मेडल लावून गेलो. चौक भरला होता. काकांना दोन शब्द बोलायला उभं केलं. त्यांनी माइक धरला आणि हळू, शुद्ध भाषेत बोलायला सुरुवात केली.

"आपण सगळे आलात, आभारी आहे. एक दुरुस्ती सांगायची आहे. माझा मुलगा लढाईत गेला नाही. त्याला धोक्याच्या जागी झेंड्याचा खांब घेऊन पाठवलं. का पाठवलं, हे मी विचारतो आहे..."

गर्दीतून कोणीतरी घोषणा दिली, "भारतमाता की!"

काकांनी हात वर केला आणि सगळ्यांबरोबर म्हणाले, "जय." ती त्यांचीही घोषणा होती. मग ते पुन्हा वाक्यावर आले. "का पाठवलं हे..." पुन्हा घोषणा आली. काकांनी पुन्हा जय म्हटलं. असं चार-पाच वेळा झालं. त्यांचं वाक्य पुरं होईना, आणि जय न म्हणणं त्यांना जमेना.

मी पुढे होऊन माइक घेतला. "मी तिथे होतो. काका सांगतायत ते खरं आहे."

"फौजेची बदनामी नको," पहिल्या रांगेतला एक गृहस्थ म्हणाला.

"मी फौजेतच चोवीस वर्षं होतो."

"मग तुम्हाला तर कळायला हवं," तो म्हणाला. तो रागावलेला नव्हता. मला समजावत होता.

माइक बंद झाला होता. लाउडस्पीकरवर देशभक्तीपर गाणं लागलं. नितीन माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "सर, आज नको. प्लीज. लोक काकांनाच देशद्रोही म्हणतील. मी त्यांच्यासाठीच सांगतोय." मी गर्दीकडे पाहिलं. त्याचं चुकत नव्हतं. मी काकांचा हात धरला आणि आम्ही स्टेजवरून उतरलो. लोक वाट करून देत होते. काहींनी काकांच्या पायांना हात लावला.

फलक बदलावा म्हणून मी नंतर पालिकेकडे अर्जही केले. कोणी नाही म्हणालं नाही. काही झालंही नाही. फलक आहे तसाच आहे. काका भाजीला जाताना आता लांबच्या गल्लीने जातात.

देशप्रेम कुठे संपतं, देशाचा अभिमान कुठे सुरू होतो आणि डोळे मिटून हो म्हणणं कुठे, असं मला लोक विचारतात. मला नेमकं सांगता येत नाही. मेजर नायरांनी हरकत घेतली आणि हुकूमही पाळला. दीपकला ते पटलं नव्हतं, तरी तो गेला. मी त्याच्या पाठीवर सेटचे पट्टे आवळून दिले. आम्हा तिघांचंही देशावर प्रेम होतं. त्याचा त्या नाल्यात काही उपयोग झाला नाही.

एका संध्याकाळी काकांनी मला बाकीच्या दोघांविषयी विचारलं. मी सांगितलं. हवालदार बलबीर सिंग, होशियारपूरकडचे, दोन मुलींचे वडील. शिपाई टीकाराम, गढवालचा, नोकरीला दोन वर्षंही झाली नव्हती. काकांनी दोन्ही नावं हळू म्हणून पाहिली, मग मुलाचं नाव घेतलं.

तिघंही चांगले सैनिक होते. त्या सकाळी त्यांना एकही शत्रू भेटला नाही.