तीन हातांचं दुकान

लढाई संपली तेव्हा त्या गल्लीत एकही काच धड उरली नव्हती. खिडक्यांना कुणी पोती लावली होती, कुणी मोडक्या दरवाजाच्या फळ्या. कोपऱ्यावरच्या शिंपिणीने तर चक्क नवऱ्याचा ओव्हरकोट ठोकला होता. अशा वेळी काचवाल्याची चांदीच व्हायची. पण गल्लीतला एकुलता एक काचवाला इस्पितळातून परतला तो उजवा हात मनगटापासून गमावून.

आल्या दिवशीच त्याने खुर्ची भिंतीकडे वळवली आणि जगाकडे पाठ करून बसला. बायकोने दहा वर्षं त्याच्या दुकानात पुट्टी मळली होती, पण काच कापायला तिला त्याने कधी दिली नव्हती. घरात तिसरं माणूस म्हणजे सासूबाई. त्यांची प्रार्थना म्हणजे प्रभूची उलटतपासणीच. "प्रभू, मुलगा परत दिलास, उपकार झाले," डोळे मिटून, पण शेजाऱ्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणायच्या, "आता त्याला खुर्चीवरून उठव. आणि सून नुसती बघत उभी आहे, तिलाही जरा अक्कल दे."

अक्कल आली की राग, कोण जाणे. एका सकाळी सुनेने काच कापायची हिऱ्याच्या टोकाची लेखणी काढली, तळघरात वाचलेल्या काचांपैकी एक टेबलावर आडवी घातली, पट्टी धरली आणि रेघ ओढली. काच तडकली ती रेघ सोडून भलतीकडेच.

"दाबतेस जास्त," खुर्चीतून आवाज आला.

"तुम्हाला तिकडून काय दिसतंय?"

"दिसायला कशाला हवं? ऐकू येतंय. रेघ कुरकुरली. रेशीम फाडल्यासारखा आवाज यायला हवा."

दुसरी काच फुटली. "मध्येच अडखळलीस." तिसरी फुटली. "हात बरा होता, मोडायची घाई केलीस." चौथी मात्र टक्कन सरळ दुभंगली.

"आता तरी वळून बघा हो!"

तो वळला नाही. पण संध्याकाळपर्यंत खुर्ची कशी कोण जाणे, अर्धी टेबलाकडे फिरली होती. आठवड्याभरात तो डाव्या हाताने पट्टी दाबून धरू लागला आणि महिन्याभरात दोघं घरोघरी खिडक्या बसवत हिंडू लागली. लोक कौतुकाने 'तीन हातांचं दुकान' म्हणायचे. "हात कमी असतील, जिभा भरपूर आहेत," सासूबाई म्हणायच्या, आणि ते खोटं नव्हतं.

मग एक दिवस पाळकसाहेब आले. लढाईत पडलेलं चर्चचं छप्पर होत आलं होतं, आता खिडक्या हव्या होत्या. दोघं मापं घ्यायला गेली, तर छपरावर कौलं बसवत होता शत्रूच्या फौजेतला एक कैदी. केस पिकलेला, थोराड माणूस.

"हा इथे असेल तर मी नाही," काचवाला म्हणाला आणि बाहेर पायरीवर जाऊन बसला.

बायकोलाही त्या कैद्याकडे बघवत नव्हतं. पण वेदीमागची खिडकी मोकळी होती, आणि उपासना रविवारी होती. शनिवारी नवऱ्याची कशीबशी समजूत घालून तिने त्याला आत आणलं. दोघं मोठी काच घेऊन फळीवर चढली, तेवढ्यात त्याच्याकडची बाजू निसटली.

"धरा!" ती ओरडली.

धरली ती छपराच्या शिडीवरून खाली झेपावलेल्या दोन हातांनी. काच वाचली. पण आता तिघांपैकी कुणालाच सोडता येईना. तिच्या हाताशेजारी त्या माणसाचे हात होते, चुन्याने फाटलेले. याच हातांनी बंदूक धरली असेल, तिच्या मनात आलं. आणि हेही आलं, की आता हे सुटले तर काच तिच्याच अंगावर येईल.

काचवाल्याचा चेहरा लाल झाला होता.

"डावीकडे," शेवटी तो पुटपुटला. भाषा कळेना म्हणून हनुवटीने दाखवलं. "आणखी. आता जरा वर... बस्स!"

काच चौकटीत बसली. तिने खिळे मारले, पुट्टी भरली, तोवर दोन्ही पुरुष ती दाबून उभे राहिले. मग सासूबाई पावाची टोपली घेऊन आल्या. सगळ्यांना वाटलं, आधी मुलाला देतील. त्या सरळ कैद्यासमोर गेल्या. "खा. आणि घरी आई असेल तर तिला पत्र लिही," त्यांनी बजावलं. त्याला एक अक्षर कळलं नाही, पण डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी उपासनेत, प्रभूच्या प्रार्थनेतली अपराध्यांना क्षमा करण्याची ओळ आली तिथे काचवाल्याचा आवाज जरा मागे पडला, एवढं तिने ऐकलं. ती ओळ म्हणणं तिलाही सोपं गेलं नाही. पण दोघांनी ती पुरी केली.

कैद्यांना घरी सोडलं तेव्हा तो माणूस दुकानाच्या दारात एक वस्तू ठेवून गेला. लाकडाचा ठोकळा, आत कातड्याचं अस्तर, वर बांधायला पट्टा. काचवाल्याच्या मनगटावर तो अगदी बेतल्यासारखा बसला. त्या ठोकळ्याने पट्टी दाबून धरता यायची, आणि डावा हात लेखणीला मोकळा राहायचा.

त्याने लेखणी धरून पाहिली, दोन काचा कापल्या आणि लेखणी बायकोला परत दिली. पुढे वीस वर्षं काच तिनेच कापली. "तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे," ती आत गेली की तो गिऱ्हाइकांना सांगायचा. ती दाराआड थांबून पूर्ण ऐकून घ्यायची, आणि मगच बाहेर यायची.