पृथ्वीवर चहाची शेगडी

"पृथ्वी मागच्या भिंतीपाशी? म्हणजे प्रमुख पाहुणे तिथे बसणार?" नेनेसाहेब गरजले.

तारापूरच्या प्रकल्पाचं बांधकाम चालू होतं. साहेब आमचे इंजिनिअर, मी टेंपररी सर्व्हेअर. कॉलनीच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मी रिकाम्या गोडाऊनमध्ये ताडपत्र्या लावून अंधार केला होता आणि सात बल्ब टांगले होते. सप्तर्षी. आकाशात ते एकाच पाटीवर टिकल्या चिकटवल्यासारखे दिसतात, पण तसे नाहीत. मधले पाच साधारण ऐंशी प्रकाशवर्षांवर, म्हणजे त्यांचा उजेड आपल्याकडे पोचायलाच ऐंशी वर्षं. टोकांचे दोन आणखी लांब. मी प्रकाशवर्षाला एक फूट धरला, पृथ्वी म्हणून मागे खुंटी ठोकली आणि थिओडोलाइटने, म्हणजे कोन मोजायच्या दुर्बिणीने, एकेक बल्ब जागेवर आणला. आकृती जुळायची ती फक्त त्या खुंटीवरून.

"साहेब, पृथ्वी पुढे सरकवता येत नाही."

"सोफा येतो ना? पाहुणे पहिल्याच रांगेत बसतात. आणि तुमच्या कन्फर्मेशनवर सही मी करणार आहे, विसरू नका."

सोफा बल्बांच्या पुढ्यात गेला. माझं लग्न ठरत होतं, आणि मुलीकडच्यांना नोकरी पक्की हवी होती.

मुंबईचे पाहुणे सोफ्यावर बसले. बल्ब लागले. पाहुण्यांनी मान डावीकडे कलती केली, मग उजवीकडे.

"हे काय आहे?"

"सप्तर्षी, सर," साहेब म्हणाले.

"कुठे?"

साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की लग्न तिथेच मोडलं.

तेवढ्यात मागून आवाज आला, "अगो बाय, ही तं आपली बाज हाय!"

मुरबे गावच्या जानकीबाई. चहा त्यांच्याकडे होता, आणि शेगडी त्यांनी नेमकी माझ्या खुंटीपाशी मांडली होती. सप्तर्षी म्हणजे त्यांच्या लेखी बाज: चार ताऱ्यांची खाट, मागे तीन चोर.

"सायेब, तितून काय दिसनार नाय. हिकडं या!"

पाहुणे उठून गेले आणि ओरडलेच, "अरे वा!" मग पुढे येऊन आकृती मोडायची, मागे जाऊन जुळवायची, असा त्यांनी खेळच मांडला. चहाही तिथेच उभ्याने घेतला. नेनेसाहेबांनी स्वागताचं भाषण रिकाम्या सोफ्यासमोर केलं.

पाहुणे इतके खूश होऊन गेले की साहेबांना सही करावीच लागली. लग्न झालं.

अनुभवातून साहेबलोकही शिकतात. पुढच्या प्रदर्शनात पंपाचं मॉडेल होतं, अगदी दारापाशी. पाहुण्यांचा सोफा मात्र साहेबांनी स्वतः उभं राहून मागच्या भिंतीपाशी, शेगडीजवळ लावून घेतला.