आधी दार बघणारे सर

कुठल्याही खोलीत शिरले की आमचे राज्यशास्त्राचे सर माणसांआधी दारं बघायचे. बसायचे तेही दाराकडे तोंड करून. मग शेजारच्याला विचारायचे, "भाऊ, इथून निंगाचं कुठून?" जानेफळच्या एका लग्नात त्यांनी हे चक्क नवरदेवाला विचारलं होतं.

एके वर्षी कॉलेजात ठरलं, देशाची अंतर्गत सुरक्षा शिकवायची. नवा विषय नाही, नवा तास नाही, ज्यानं त्यानं आपापल्या विषयातून. आम्ही हात झटकले. सर मात्र स्टाफरूममध्ये एकेकाच्या मागे लागले. रसायनवाल्यांना म्हणाले, धूर शिकवा. गणितवाल्यांना म्हणाले, एका दारातून गर्दी किती वेळात निघते ते काढा. मग माझी पाळी आली.

"मी मराठी शिकवतो, सर. माझा काय संबंध?"

"काऊन नाही? सूत्रसंचालन शिकवता ना? मंग हॉलात आग लागली तर माइकवर पयलं वाक्य कोणतं?"

"आग लागली, पळा."

"मेले ना मंग सारे दारातच!"

मला रागच आला. पण तास झकास रंगला. पोरांनी वाक्यं लिहिली, खोडली, भांडली. शेवटी 'आग' आणि 'पळा' दोन्ही हद्दपार झाले. तिकडे गणिताचं उत्तर घेऊन सर प्राचार्यांकडे गेले आणि हॉलच्या मागच्या दाराशी रचलेले मोडके बाक अंगणात काढायला लावले.

त्याच हिवाळ्यात, स्नेहसंमेलनात, दर्शनी पडदा पडलेला असताना त्याच्याआड स्टेजच्या मागच्या पडद्यानं पेट घेतला. हॉल खचाखच भरलेला, मुख्य दार स्टेजलगत. मी विंगेत, माझी बायको आणि लेक मधल्या रांगेत. मी त्यांच्याकडे धावणारच होतो. तेवढ्यात सूत्रसंचालन करणारी माझी विद्यार्थिनी शांतपणे म्हणाली, "पुढचा कार्यक्रम मागच्या अंगणात आहे. शेवटच्या रांगेपासून उठा, लेकरांचा हात धरा आणि मागच्या दारानं चला."

"आता अंगणात काऊन?" असं कुरकुरत लोक निघाले. कुरकुरतच सगळे बाहेर पडले. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. अंगणात लेक गळ्यात पडली तेव्हा मी ढसाढसा रडलो.

पडदा विझवून सर शेवटी आले. अंगावर काजळी.

"सारे आले ना?"

"आले, सर."

"मंग चहा सांगा बा कोणी," म्हणत ते अंगणातल्या एका मोडक्या बाकावर धपकन बसले.

सर आता निवृत्त होऊन डोणगावला गेलेत. स्टाफरूममध्ये त्यांची दारासमोरची खुर्ची रिकामी दिसली की मला त्या संध्याकाळचे सर आठवतात. मोडका बाक, हातात कप, आणि आयुष्यात पहिल्यांदाच दाराकडे पाठ.