व्हेनिसची मोकळ्या केसांची नवरी

अमेरिकेत अल्फारेटाला आल्यावर नऊ वर्षं मला कामाची परवानगी नव्हती. ती मिळाली तेव्हा इथलं एक छोटं संग्रहालय म्हणालं, तीन महिने काम करून दाखव, मग ठरवू. काम मोठं मजेचं होतं. चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वी युरोपात देशोदेशीच्या बायकांच्या पोशाखांची छापील चित्रं निघाली होती. त्यातल्या प्रत्येकीनं काय घातलंय, ते कार्डावर लिहायचं. नऊ वर्षांची हौस साठलेली, मी भरभरून लिहिलं. फुगीर बाह्या, झालरी, कमरेच्या साखळ्या. जमिनीवर लोळणारे झगे बघून वाटायचं, ही बाई भांडी कशी घासत असेल? घासत नसणारच म्हणा.

व्हेनिसच्या एकीचे केस मात्र पाठीवर मोकळे सोडलेले होते. चित्राखालची इटालियन ओळ मला वाचता येत नव्हती. मी बेधडक लिहून टाकलं : जिच्या घरी मृत्यू झाला आहे अशी स्त्री.

तिसऱ्या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात चित्रांखालच्या ओळींची भाषांतरं आली. ती चक्क नवरी होती! तिथं नवऱ्या लग्नात केस मोकळे सोडत. माझं धाबं दणाणलं.

"अगं, गपचूप कार्ड बदलून टाक ना यार," नवरा म्हणाला. "कोण चेक करतंय?"

मोह झाला, खोटं कशाला सांगू! पण दुसऱ्या दिवशी तेच कार्ड घेऊन मी आमच्या वरिष्ठ बाईंपुढे उभी राहिले. नोकरी गेली असं धरूनच चालले होते.

"तुला मृत्यू का वाटला?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, आमच्याकडे नवरीचा अंबाडा घालतात, नाहीतर वेणी, वर गजरा. तिन्हीसांजेला केस मोकळे सोडून दारात गेलं, की आई ओरडायची, "कोण मेलंय का?"

बाईंनी चित्र पुन्हा एकदा पाहिलं. मग त्यांनी जुन्या कार्डांचा खण उघडला आणि एकेक वाचायला लागल्या.

"आम्ही सगळ्यांनी नुसते कपडेच लिहिलेत," त्या म्हणाल्या. "केसांबद्दल एका शब्दानं नाही. ही सगळी पुन्हा करावी लागतील. सोमवारपासून कायमची येशील?"

चुकलेल्या माणसाला 'का' म्हणून विचारणारी माणसं किती असतात? मला परक्या देशात, पहिल्याच नोकरीत भेटली. त्या बाईंचे उपकार मी जन्मात विसरणार नाही. तेव्हा मात्र तोंडातून नुसतं 'हो' निघालं, आणि पार्किंगमध्ये गाडीत बसून मी मनसोक्त रडले.