एका दिवसात मुंबई, समुद्र एकदाच

शीर्षक वाचून वाटलं असंल, पोरगं आता मुंबई फिरायच्या टिपा देणार. स्वस्तात कुठं खायचं, फोटो कुठनं चांगला येतो. देतो की! पहिली टीप: आईला नेणार असाल तर घड्याळ घरी ठेवा. बास, टिपा संपल्या. आता भुताची गोष्ट. घाबरू नका, यात पिंपळबिंपळ काय न्हाई. हे भूत माझ्याच गळ्यात ऱ्हातं.

मी नकला करतो. भोरच्या स्टँडवरची अनाउन्समेंट, भोंगवलीतला आमचा गिरणीवाला, कॉलेजातले सर, रिव्हर्स घेणारा टेम्पो, काय बी सांगा. पण सगळ्यात हुबेहूब जमायचे ते माझे पप्पा. पप्पा टेम्पोतनं फुलं घेऊन दादरला जायचे. घोगरा आवाज, गालात तंबाखू धरल्यासारखा. गाडी काढायच्या आधी टेम्पोच्या मागल्या फाळक्यावर दोन थापा मारायच्या अन् विचारायचं, "बसली का सगळी?" गाडीत एकटेच असले तरी विचारायचे. ते गेल्यापासनं म्या तो आवाज काढला नव्हता.

आईनं मुंबई बघितलीच नव्हती. गावातनं दरसाली चैत्यभूमीला गाडी जाते, पण घरात काय ना काय निघायचं अन् आईचं राहून जायचं. म्हणून औंदा म्हणलं, आपण दोघंच जाऊ. एका दिवसात जाऊन येऊ, पण प्लॅन असा करू की पाऊल वाया जाणार न्हाई.

ओट्यावर आई शेंगा फोडत होती. म्या मोबाईल पुढं धरला.

"ऐक. दादरला उतरायचं, चैत्यभूमीला वंदन करायचं. तितनं बस, म्युझियम. मग चालत गेटवे. मग मरीन ड्राइव्ह, दिवस बुडताना. कुठंच उलटं फिरायचं न्हाई. बघ, कशी सरळ रेघ हाय."

"अन् समुद्र?"

"मरीन ड्राइव्हला हाय की."

"त्यो न्हाई रं. चैत्यभूमीच्या मागला. तुझं पप्पा तितनं फोन करायचं."

ते मला ठाऊक होतं. माल उतरला की पप्पा तितं वाळूत जाऊन बसायचे अन् घरी फोन लावायचे. बोलायला काय नसायचं. नुसतं "ऐक" म्हणायचे अन् मोबाईल लाटांकडं धरायचे. हितं आई तव्यापुढं उभी राहून ऐकायची.

"आई, समुद्र एकच अस्तो. दोनदा बघून काय करायचं? मरीन ड्राइव्हला बसायला कट्टा हाय, बत्त्या हायेत."

"मला काय करायच्यात बत्त्या? मला तितं जरा हुबं ऱ्हायचंय."

मग म्या मोठ्या मनानं दहा मिनिटं दिली. साहेबच ना मी!

गेलो. चैत्यभूमीत आईनं मेणबत्ती लावली, डोकं टेकवलं. मग मागं वाळूत आलो. कचरा, ओली कुत्री, क्रिकेट खेळणारी पोरं. आई नीट पाण्यापाशी गेली अन् माझ्याकडं पाठ करून उभी राहिली. पिशवीतनं मोबाईल काढून कानाला लावला. म्हणलं, मावशीला लावला असंल.

दहा मिनिटं झाली, वर आणखी झाली. बस डोळ्यापुढं नाचायला लागली. "आई, चल की!" म्हणून दोनदा हाक मारली. ढिम्म. तवा माझ्यातला जोकर उठला. वाळूत एक होडी पालथी पडली होती. तिच्या फळीवर दोन थापा मारल्या अन् घोगरा आवाज काढला, "बसली का सगळी? चला, उशीर झाला!"

"आले वो," आई म्हणाली.

वो. पोराला कुणी वो म्हणत न्हाई.

ती वळली ते हसतच. पदर सारखा करत. नजर मला ओलांडून मागं गेली, होडीकडं गेली, रस्त्याकडं गेली. मग माझ्यावर आली अन् तितंच विझली. मोबाईल अजून कानाला होता, त्याची स्क्रीन काळी. फोन कुणाला लावलाच नव्हता.

बस मिळाली. म्युझियम झालं, गेटवे झालं, सगळं रेघेवरनं. आई प्रत्येक ठिकाणी "चांगलं हाय" म्हणायची अन् पुढं चालायची. मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर मी तिला विचारायला गेलो, "चहा घेती का?" तर माझ्या तोंडातनं पप्पांचा आवाज निघाला. म्या काढला नव्हता, आईशप्पथ. आईनं मान सुद्धा वळवली न्हाई. समुद्राकडं बघतच म्हणाली, "नगं."

तवापासनं तो कवा बी निघतो. फोनवर मित्राशी बोलताना, कुणाला पाणी मागताना. आमचं कुत्रं माझ्या हाकेला शेपूट बी हलवत न्हाई. तो आवाज निघाला की मात्र उठतंय, दारात जातंय अन् टेम्पो उभा ऱ्हायचा त्या जागेकडं बघत बसतंय.

परत आल्यावर दुसऱ्या दिवशी आई भाकऱ्या थापत होती. मी फोटो बघत बसलो होतो. गप बसायचं सोडून म्हणलं, "बघ आई, एका दिवसात सगळी मुंबई झाली का न्हाई?"

तिनं पिठाचा हात तसाच माझ्याकडं रोखला.

"झाली? काय झाली रं? नक्कल करू नगं म्हणत न्हाई मी. त्यांचा आवाज तुझ्याकडंच उरलाय, काढ की खुशाल. पण त्यांनी कदी फोन आदी ठिवला न्हाई, कळलं का? मीच ठिवायचे, भाकरी करपती म्हणून. त्ये ऐकवत बसायचे. अन् तू त्यांच्या तोंडानं मला उशीर झाला म्हणतूस? मुडद्या, आत्ता कुठं ऐकू यायला लागलं व्हतं!"