रोम न झालेला ग्रोफो

प्लमची दारू गाळायच्या तांब्याच्या हंड्या रोमानियातल्या सिबियू शहराच्या पंचक्रोशीत ग्रोफोसारख्या कुणी ठोकत नसे. शेचाळिशी उलटली, तरी वस्ती त्याला 'पोरगा'च म्हणे. कारण लग्न नाही. आईचं आजारपण काढता काढता आणि तीन बहिणींची लग्नं उरकता उरकता त्याचं स्वतःचं राहूनच गेलं. आमच्यात, म्हणजे बाहेरचे ज्यांना जिप्सी म्हणतात त्यांच्यात, बायको आणल्याशिवाय माणूस रोम होत नाही, आणि रोम नाही त्याला पंचायतीत तोंड उघडता येत नाही. कॉफी मात्र आणता येते.

शहरवाल्यांना हे कुठलं ठाऊक! त्यांनी त्याला थेट विद्यापीठात भाषणाला नेलं. ग्रोफोने ठणकावलं, "त्सिगान हे तुम्ही चिकटवलेलं नाव. शिवू नये अशा माणसांसाठीचा ग्रीकांचा शब्द तो. आमचं नाव रोम. हिंदुस्थानातून बरोबर आणलेलं. रोम म्हणजे पुरुष. बायकोचा नवरा, घराचा धनी!" टाळ्या पडल्या, पेपरात फोटो आला. पिकतं तिथं विकत नाही, दुसरं काय.

त्याच महिन्यात धाकट्या बहिणीला, लुलुजाला, नवऱ्याने बदडलं. ग्रोफो नेमका तिच्या दारात होता. त्यानेच तिला उचलून घरी आणलं. सासरच्यांनी पंचायत बोलावली. तिने परत जायचं की नाही, एवढाच सवाल, आणि साक्षीदार एकटा ग्रोफो.

तो उभा राहिला. "काका, मी या डोळ्यांनी पाहिलंय..."

"बस खाली, पोरा," मुख्य पंच मिलोशकाका म्हणाले. "इथे रोम बोलताहेत."

"पण काका, तिचा डोळा तरी बघा!"

काकांनी खिशातून पेपरचं कात्रण काढलं. "बायकोचा नवरा, घराचा धनी. तुझेच शब्द ना रे? मग कुठाय तुझी बायको?"

सगळे खो खो हसले. ग्रोफोला मेल्याहून मेल्यासारखं झालं. निकाल लागला: लुलुजाने उद्याच नांदायला जावं.

ग्रोफोने सवयीने कॉफीचे कप गोळा केले. मग बहिणीचं बोचकं व्हॅनमध्ये टाकलं आणि व्हॅन शहराच्या रस्त्याकडे वळवून उभी केली.

मिलोशकाका धावत आले. "पंचांचा शब्द मोडणारा रोम राहत नाही! कळतंय का तुला?"

"मी होतो कधी, काका?" ग्रोफो म्हणाला, आणि त्याने बहिणीसाठी दार उघडलं.