आत्मारामजी आणि क्लबातलं टेबल

आत्मारामजी गेले हे मला फलाटावर युनियनची पत्रकं वाटताना कळलं. मालगुदामातला हमाल म्हणाला, "भाऊ, तुमचे पत्तेवाले आत्मारामजी सकाळीच गेले ना." उरलेला गठ्ठा त्याच्या हातात कोंबला आणि मुर्री गावात त्यांच्या घरी धावलो... त्याला आता तीन आठवडे झाले. गोड लिहिणं मला जमत नाही. घडलं तसं लिहितो.

मालगुदामात ते थोरले कारकून, मी शेजारच्या टेबलावर. रेल्वेच्या क्लबात आम्हा देशी कारकुनांना बंदी. पण ब्रिजला चौथा गडी कमी पडला की साहेबांचा शिपाई आत्मारामजींना बोलवायला हजर! आणि चौथा साहेब उगवला की यांनी हातातली पानं त्याला द्यायची अन् उठायचं, डाव अर्धा असला तरी. मी भडकायचो, "लाज नाही वाटत?" ते म्हणायचे, "वाटते ना. पण खेळ येते, तं बसावं वाटते." त्यांना एकच हवं होतं. त्या खोलीत, आपल्या माणसांबरोबर, कोणी न उठवता एक रविवार खेळायचं.

एकदा क्लबाचा सेक्रेटरी साहेब चेष्टेत बोलून गेला, बाबूंनी आम्हाला हरवावं, रविवारचं टेबल बाबूंचं. आत्मारामजींनी ते खरं धरलं. बाकीचे घाबरले म्हणून जोडीला मी. मला येत होता फक्त मेंढीकोट. त्यात दश्शीलाच मेंढी म्हणतात, आणि तीच जीव; जोडीदाराचा एक्का पडला की त्यावर दश्शी टाकून ती घरात आणायची. ब्रिजमध्ये हे विष. महिनाभर त्यांनी मला घरी बसवून बचाव शिकवला. समोर टेबलावर उघड्या मांडलेल्या पानांत चार इस्पिक दिसतात ना, मग तूही चार धर, बारकं पान म्हणून फेकू नको. आणि पान टाकणं म्हणजे जोडीदाराशी बोलणं. त्याच्या पानावर मोठं टाकलंस तर 'हेच चालव', लहान टाकलंस तर 'दुसरीकडे जा'. मी चुकलो की ओरडायचे, "तू काऊन बोंबलून राहिला बे? चूप बस, तिर्री टाक!"

सामना शेवटच्या डावावर आला. साहेबांची बोली बिनहुकमी तीन, म्हणजे तेरापैकी नऊ हात त्यांनी करायचे. आमचे तीन हात झाले होते, आणखी दोन मिळाले की साहेब पडले. बदामाचा एक्का-राजा माझ्याच हातात होता! तिसरा हात आत्मारामजींनी किलवरच्या एक्क्याने घेतला होता, आणि त्या एक्क्यावर मी... दश्शी टाकली. तिर्री हातात असताना. ती टाकली असती तर ते बदामाकडे वळले असते. जन्माची सवय, दुसरं काय. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला, किलवरच चालवलं, आणि साहेबाचा राजा तिथे टपूनच बसला होता. पुढे तो पानामागून पान ओढत गेला. शेवटी मला बदामाचा राजा टाकावा लागला, हातात एकटा एक्का उरला. एक हात मिळाला. दोन हवे होते.

परतताना ते एवढंच म्हणाले, "तुही मेंढी तं वाचली, बाबू." हसले. मला मात्र त्या दिवसापासून त्यांच्या डोळ्यांकडे बघवलं नाही.

यंदा स्वातंत्र्य आलं आणि गोऱ्या साहेबांनी सामान बांधलं. नवा सेक्रेटरी आपला माणूस, खादी घालणारा. आत्मारामजी खोकत खोकत त्याच्याकडे गेले. तो म्हणाला, क्लब अधिकाऱ्यांचा आहे, नियम तसेच राहतील. हां, गडी कमी पडला तर बोलावू. मी म्हटलं, मोर्चा नेऊ! ते म्हणाले, "राहू दे. मले आता पानंही धरवत नाहीत."

परवा त्यांच्या पत्नीने, सगुणाबाईंनी, मला त्यांची ट्रंक उघडून दिली. तळाशी एका अर्जाच्या सात-आठ नकला निघाल्या. देशी कारकुनांना रविवारी एक टेबल मिळावं ही विनंती. मजकूर तोच, अक्षर तेच मोत्यासारखं, प्रत्येक नव्या साहेबागणिक फक्त वरचं नाव बदललेलं. शेवटच्या नकलेवर या खादीवाल्याचं.

तो अर्ज घेऊन मी मालगुदामात सह्यांसाठी फिरलो. एकानेही केली नाही. एक जुना कारकून समजावून म्हणाला, "सायब आता आपलेच आहेत. कायले भांडता?"

रात्री मी अर्ज जसाच्या तसा उतरवून काढला. मजकुरात जोडावं असं माझ्यासारख्या पत्रकवाल्यालाही काही सुचलं नाही. खाली एकटी माझी सही आहे. उद्या देणार आहे. उत्तर ठाऊक आहे.